आज्ञावल्यांची गुंतागुंत : लिनक्सवर काय बसवावे, काय काढू नये

एप्रिलमध्ये सोलापुरात भर दुपारी कोणी सहसा घराबाहेर पडत नाही. त्यामुळे दोन वाजता दार वाजले तेव्हाच, काहीतरी बिघडले असणार, हे मी ओळखले. दारात आमचा एक जुना विद्यार्थी उभा होता. आता तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाठीवरची पिशवी काढून त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, मी काहीच केलं नाही. फक्त पायथन काढला."

लॅपटॉप सुरू केला. चित्रे, खिडक्या, माऊसचा बाण, काहीच नाही. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरात यंत्राचे नाव आणि खाली लुकलुकणारी रेघ. चार दिवसांनी त्याला प्रकल्प सादर करायचा होता.

घडले होते ते असे. त्याच्या प्रकल्पाला लागणारी एक लायब्ररी पायथन भाषेच्या ३.११ या आवृत्तीवर चालत होती. त्याच्या यंत्रावर उबुंटू लिनक्स होते आणि त्यात पायथन ३.१२ होता. आहे तो काढावा आणि हवा तो बसवावा, असा सरळ विचार त्याने केला. घरातला जुना पंखा बदलताना आपणही तेच करतो. त्याने काढण्याची आज्ञा दिली. पडद्यावर नावांची लांबलचक यादी सरकत गेली आणि शेवटी प्रश्न आला, 'पुढे जाऊ का?' त्याने यादी न वाचताच 'हो'ची कळ दाबली. पुन्हा सुरू केल्यावर यंत्र या अवस्थेत होते.

एक भाषा काढली तर सगळा डेस्कटॉप का जावा? विद्यार्थी हा प्रश्न विचारतात तेव्हा 'लिनक्स अवघड आहे' असे उत्तर देऊन आपण सुटतो. पण कारण समजायला अवघड नाही, आणि ते समजले की लिनक्सवर आज्ञावल्या कशा निवडाव्यात आणि कशा सांभाळाव्यात, यातले बरेचसे आपोआप कळते.

पुठ्ठे आणि माग

हा मुलगा सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. त्याच्या वडिलांनी अनेक वर्षे जॅकार्डवर चादरी विणल्या. तेव्हा मी त्याला मागाचेच उदाहरण दिले. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास तयार केलेल्या या यंत्रात नक्षी असते ती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांत. एका आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे दोरीने ओवून त्यांची माळ करतात. जिथे छिद्र असेल तिथला हूक उचलला जातो, नसेल तिथला उचलला जात नाही. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना इथूनच घेतली, हे विज्ञानाच्या शिक्षकांना ठाऊक असेलच.

पुठ्ठ्यांची माळ म्हणजे आज्ञावली. पण नुसती माळ असून भागत नाही. चारशे हुकांच्या जॅकार्डसाठी पाडलेले पुठ्ठे सहाशे हुकांच्या जॅकार्डवर चालणार नाहीत. म्हणजे प्रत्येक माळेसोबत एक न लिहिलेली अट असते : 'मला अमुक यंत्र लागते.' मी हे सांगत असताना मुलगा म्हणाला, "म्हणजे मी नक्षी बदलायला गेलो आणि जॅकार्डच उतरवून ठेवलं." याहून चांगले मला सांगता आले नसते.

लिनक्सवर ही अट न लिहिलेली राहत नाही. तिथे आज्ञावली मिळते ती 'पॅकेज' या स्वरूपात. पॅकेज म्हणजे एक गाठोडे. त्यात आज्ञावलीच्या फाइली असतात आणि शिवाय एक चिठ्ठी असते. गाठोड्याचे नाव, त्याची आवृत्ती, ते चालण्यासाठी आणखी कोणती गाठोडी लागतात, कोणाशी त्याचे पटत नाही, हे सारे त्या चिठ्ठीत असते. 'आणखी कोणती लागतात' या भागाला अवलंबित्व म्हणू.

अवलंबित्व मुळात निर्माणच का होते? प्रत्येक आज्ञावलीने आपले सगळे सामान स्वतःच आणले तर? आपल्या भाषेशी संबंधित उदाहरण घेऊ. 'विद्यार्थ्याला' हा शब्द पडद्यावर उमटवताना द आणि य जोडायचे, रफार पुढच्या अक्षरावर न्यायचा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची. हे काम लिनक्सवर बहुधा 'हार्फबझ' नावाची लायब्ररी करते. (नाव फारसी आहे, अर्थ साधारण 'खुली अक्षरे'.) डेस्कटॉपवरचा मजकूर-संपादक, फाइली दाखवणारी खिडकी, घड्याळाखालचा वार, सगळे हिच्याकडूनच जोडाक्षरे करून घेतात. तिच्यात एक चूक दुरुस्त झाली की सगळीकडचे मराठी एकदम सुधारते. प्रत्येकाने आपापली प्रत बाळगली असती तर तीच चूक वीस ठिकाणी दुरुस्त करावी लागली असती, आणि एखादे ठिकाण नक्की विसरले गेले असते.

सामाईक विहिरीचा हा फायदा आहे आणि तोटाही. ती बुजवली तर सगळ्यांचेच पाणी तुटते. उबुंटूत यंत्र अद्ययावत ठेवणारी आज्ञावली, डेस्कटॉपचे आणि जोडण्यांचे अनेक भाग पायथनमध्ये लिहिलेले आहेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर 'पायथन लागतो' असे लिहिलेले असते. पायथन काढायचा म्हटल्यावर व्यवस्थापक आज्ञावलीने चिठ्ठ्या वाचल्या, 'मग यांनाही काढावे लागेल' असे म्हणून यादी दाखवली, आणि परवानगी मिळताच काढूनही टाकले. तिने काहीच चुकीचे केले नाही.

हिशोब कोण करतो

पूर्वी हा हिशोब माणसाला करावा लागे. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचे मूळ १९९१ मध्ये लिहिले. त्यानंतरची काही वर्षे हव्या त्या आज्ञावलीचा मूळ मजकूर आणायचा, आपल्या यंत्रावर तिचे भाषांतर करायचे, ते अडले की कोणती लायब्ररी नाही ते शोधायचे, ती आणायची, ती अडली की तिची लायब्ररी शोधायची, असा खेळ चाले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येत. त्यांवर एखादे गाठोडे सापडले नाही की अख्खा रविवार जाई. इयान मर्डॉकने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन या संचाची घोषणा केली. या आणि रेड हॅटसारख्या संचांनी चिठ्ठी असलेली गाठोडी रूढ केली. चिठ्ठ्या वाचून लागेल ते आपणहून आणणारा 'ॲप्ट' हा व्यवस्थापक डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर १९९९ मध्ये आला. फेडोरात हेच काम 'डीएनएफ' करतो. उबुंटू आणि लिनक्स मिंट यांचा पाया डेबियनचा, म्हणून तिथेही ॲप्टच.

व्यवस्थापकापुढचा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. समजा, आपल्याला 'अ' हवे आहे. 'अ'ला 'ब' किंवा 'क' यांपैकी एक लागते. 'ब'ला 'ड'ची पहिली आवृत्ती लागते, 'क'ला दुसरी. 'ड'च्या दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदत नाहीत. यंत्रावर आधीपासून 'ई' आहे आणि त्यालाही 'ड'ची दुसरीच आवृत्ती लागते. मुले थोड्या वेळात सांगतात : 'अ'सोबत 'क' घ्यावे, म्हणजे 'ड'ची दुसरी आवृत्ती 'क' आणि 'ई' दोघांनाही चालेल. आता एकच ओळ वाढवा : 'क' आणि 'ई' यांचे पटत नाही. उत्तर उरतच नाही. 'ई' काढल्याशिवाय 'अ' बसणार नाही. ॲप्ट कधी कधी 'हे बसवण्यासाठी ते काढावे लागेल' असे म्हणतो, तेव्हा त्याने नेमके असे कोडे सोडवलेले असते.

पाच गाठोडी असतील तर 'घ्यायचे की नाही' याच्या २×२×२×२×२ म्हणजे ३२ शक्यता. तीस असतील तर १०७ कोटींहून जास्त. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीत तर सुमारे ७० हजार गाठोडी आहेत. सर्वसाधारण स्वरूपात हे कोडे गणितातल्या अत्यंत कठीण कोड्यांच्या गटात मोडते. सगळ्या मांडण्यांना हमखास झटपट उत्तर देणारी पद्धत कोणाला सापडलेली नाही. रोजच्या वापरात ॲप्ट क्षणात उत्तर देतो, कारण हे संच बांधणारे लोक गुंता फार होणार नाही याची काळजी घेतात. आपण बाहेरून कोठूनतरी गाठोडी आणून त्यात मिसळतो तेव्हा मात्र ती काळजी वाया जाते. माझ्याकडे आलेल्या बहुतेक बिघडलेल्या यंत्रांची कथा हीच असते : 'अमुक नवे हवे होते, म्हणून दुसऱ्याच आवृत्तीचे भांडार जोडले.'

यंत्राचे वेगळे, प्रकल्पाचे वेगळे

आज्ञावल्या लिहिणाऱ्यासाठी यातून एक नियम निघतो आणि तो मी आता पहिल्याच तासाला सांगतो. यंत्र चालवण्यासाठी असलेला पायथन यंत्राचा. त्याला हात लावायचा नाही. आपल्या प्रकल्पाला लागणारे सामान प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. पायथनमध्ये यासाठी 'व्हेन्व्ह' नावाची सोय २०१२ पासून, म्हणजे ३.३ या आवृत्तीपासून अंगभूत आहे. तिने प्रत्येक प्रकल्पाला लायब्ररींचे स्वतंत्र कपाट मिळते. एकाला एका लायब्ररीची जुनी आवृत्ती लागो, दुसऱ्याला नवी, भांडण नाही. प्रकल्प संपला की फोल्डर पुसावे.

पण व्हेन्व्हने फक्त लायब्ररी वेगळ्या होतात, पायथन तोच राहतो. आमच्या विद्यार्थ्याला पायथनच निराळा हवा होता. त्यासाठी 'पायएन्व्ह' किंवा अलीकडची 'यूव्ही' ही साधने आहेत. ती हवी ती आवृत्ती वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरमध्ये ठेवतात, यंत्राच्या पायथनला धक्का लावत नाहीत. याहून पुढची पायरी कंटेनरची. डॉकर २०१३ मध्ये आल्यापासून ही पद्धत फार पसरली. त्यात लायब्ररींसकट सगळा परिसरच वेगळा मिळतो, फक्त गाभा यंत्राचा असतो. विद्यार्थ्याने इतक्यात त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. आधी व्हेन्व्ह पचू द्यावा.

डेबियनने १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, एक चांगली गोष्ट केली. पायथनच्या 'पिप' या साधनाने थेट यंत्राच्या पायथनमध्ये काही बसवू गेलात तर ते नकार देते आणि 'व्हेन्व्ह वापरा' असे सांगते. उबुंटूच्या नव्या आवृत्त्याही हेच करतात. मुले यावर वैतागतात आणि हा नकार मोडून काढणारी आज्ञा शोधून काढतात. तेव्हा त्यांना या काळ्या पडद्याची गोष्ट सांगावी.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे आणखी दोन मार्ग. त्यांत आज्ञावली आपल्या बऱ्याचशा लायब्ररी सोबत घेऊन येते, म्हणजे सामाईक विहिरीऐवजी घरोघरी हौद. जागा जास्त लागते, पण कोणाच्या आवृत्तीचे कोणाला बंधन राहत नाही. चित्रे काढणे, ध्वनी जुळवणे अशा मोठ्या आज्ञावल्यांची ताजी आवृत्ती हवी असेल तर हा मार्ग उत्तम. भाषांतरक, गिट, डेटाबेस अशी रोजची हत्यारे मात्र मी संचाच्या भांडारातूनच घेतो.

बियाण्याची चिठ्ठी

कोणता संच घ्यावा, हा प्रश्न विद्यार्थी सर्वांत आधी विचारतात आणि त्यावर तासन्‌तास वाद घालतात. खरे तर निवड आहे ती नवेपणा आणि स्थैर्य यांतली. आपल्या जिल्ह्यात रब्बीला ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावावे लागत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडीतून तयार झालेली मालदांडी ३५-१ इतकी दशके टिकली, ती सर्वाधिक उत्पन्न देते म्हणून नव्हे; कमी ओलीवरही दगा देत नाही म्हणून. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात तिच्यात मुख्यतः दुरुस्त्याच होतात. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवा. आर्चमध्ये आवृत्ती अशी नाहीच, रोज नवे पाणी. शाळेच्या प्रयोगशाळेत स्थिर संच असावा. घरच्या यंत्रावर मुलाने आर्च लावून हात भाजून घेतले तर ते शिक्षणच आहे.

बियाण्याच्या पिशवीला चिठ्ठी असते : पायाभूत पांढरी, प्रमाणित निळी. लिनक्सच्या भांडारातही अशी चिठ्ठी असते, पण ती गणिताची. प्रत्येक गाठोड्यातल्या सर्व अंकांवर ठरावीक प्रक्रिया करून २५६ बिटांची एक खूण काढतात. गाठोड्यातला एक बिट बदलला तरी खूण पूर्ण बदलते. शक्य असलेल्या खुणांची संख्या ७८ अंकी आहे, त्यामुळे मूळ खुणेला जुळणारे बनावट गाठोडे तयार करणे व्यवहारात अशक्य. सगळ्या खुणांची यादी तयार होते आणि तिच्यावर भांडार चालवणारे अंकीय सही करतात. ॲप्ट आधी सही तपासतो, मग खूण, आणि नंतरच गाठोडे उघडतो. एखाद्या अनोळखी पानावरची आज्ञा उतरवून काढून थेट चालवतो तेव्हा आपण ही साखळी सोडून देतो.

पण सही म्हणजे हमी नव्हे. मार्च २०२४ मधली घटना प्रत्येक संगणक-शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. 'एक्सझेड' ही माहिती दाबून लहान करणारी जुनी, सर्वत्र वापरात असलेली लायब्ररी. ती एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी मदतीला आले. दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून त्याने विश्वास मिळवला, नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा लपवला. त्यातून दूरच्या यंत्रांत शिरता आले असते. सही बरोबर होती. पाठवणाराच खोटा होता.

हे उघडकीस आणले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. तो भलतेच काहीतरी मोजत होता. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकले. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ ला ही बाब जाहीर केली. त्या आवृत्त्या तोवर डेबियनच्या चाचणी-शाखांत आणि फेडोराच्या कच्च्या आवृत्त्यांत पोहोचल्या होत्या, डेबियनच्या स्थिर शाखेत नव्हत्या. स्थिर शाखेचा संथपणा इथे कामी आला. आणि निरीक्षणाचा धडा यापेक्षा चांगला मला माहीत नाही : मोजमापात अर्ध्या सेकंदाचा फरक आला, तो 'चालायचेच' म्हणून सोडला नाही.

लॅपटॉपचे पुढे

मुलाचा लॅपटॉप त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाला. ॲप्ट सी++ मध्ये लिहिलेला आहे, त्यामुळे पायथनबरोबर तो गेला नव्हता. आणि ॲप्ट आपल्या प्रत्येक कृतीची तारीख-वेळेसह नोंद ठेवतो. ती नोंद उघडली. काय काय काढले त्याची यादी समोर होती. नेटवर्क जोडायला थोडी खटपट करावी लागली, पण ते जमल्यावर 'उबुंटू-डेस्कटॉप' हे गाठोडे मागितले. त्यात स्वतःचे जवळजवळ काहीच नसते, फक्त डेस्कटॉपला काय काय लागते त्याची चिठ्ठी. तेवढ्यावर बाकी सारे आले. राहिलेले यादीवरून एकेक बसवले. घर-फोल्डरमधला प्रकल्प जसाच्या तसा होता, कारण ॲप्ट तिथे हात घालत नाही. यूव्हीने पायथन ३.११ आणला आणि प्रकल्प वेळेत सादर झाला.

त्यानंतर त्याला मी दोन सवयी लावल्या. काहीही काढण्याआधी ॲप्टला '-एस' हा पर्याय देऊन नुसती रंगीत तालीम करायची : काय काढणार, काय आणणार ते दिसते, प्रत्यक्षात काही होत नाही. आणि महिन्यातून एकदा 'ॲप्ट-मार्क' या साधनाने, आपण मुद्दाम बसवलेल्या गाठोड्यांची यादी काढून जपून ठेवायची. अवलंबित्वामुळे आपोआप आलेली तिच्यात बहुधा नसतात, त्यामुळे नव्या यंत्रावर तोच संसार पुन्हा मांडणे सोपे जाते.

शाळांसाठी दोन गोष्टी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रयोगशाळेतली अनेक जुनी यंत्रे त्यामुळे बाद ठरवली जातात. चार जीबी स्मृतीच्या यंत्रावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप व्यवस्थित चालतो. मात्र यंत्र ३२ बिटांचे आहे का ते आधी पाहा : डेबियन १३ अशा यंत्रावर बसवता येत नाही, तिथे १२वी आवृत्ती घ्यावी लागेल आणि तिच्या दुरुस्त्या जून २०२८ पर्यंतच मिळतील. इंटरनेट तुटपुंजे असेल तर एका यंत्रावर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवा. एका यंत्राने मागवलेले गाठोडे ते जपून ठेवते आणि बाकीच्या यंत्रांना शाळेतल्या शाळेत देते. वीस यंत्रांसाठी तेच गाठोडे वीसदा उतरवावे लागत नाही.

आणि टंक बसवताना 'लोहित' आवर्जून घ्या. रेड हॅटने २००४ मध्ये तो खुला केला. नावाचा अर्थ तांबडा, म्हणजे कंपनीच्या टोपीचा रंग. त्याचे मराठीसाठी वेगळे गाठोडे आहे, कारण आपला ल आणि आपला श हिंदीपेक्षा निराळा काढतात. पहिलीच्या मुलाला फळ्यावर एक ल आणि पडद्यावर दुसरा दिसला, तर तो नेमका तेवढेच विचारतो.